पोस्टमास्तर आणि तीर्थाची पळी

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, बीदरच्या आमच्या गल्लीतल्या यच्चयावत भाविकांनी, माझ्यासकट, कित्येक वर्षं दर गुरुवारी ज्या चांदीच्या पळीनं दत्ताचं तीर्थ घेतलं, ती पळी नव्हतीच. ही बातमी मी आजवर पोटात ठेवली. ज्यांना धक्का बसू नये असं वाटत होतं त्यातले बरेचजण आता पुण्याला, हैदराबादला, नाहीतर त्याहून लांब राहायला गेले आहेत. उरलेल्यांना गुडघे, मधुमेह आणि सुना यांनी याहून मोठे धक्के दिले आहेत. तेव्हा बोलायला हरकत नाही.

पण पळीचं सांगायचं तर आधी माझ्या घरमालकांचं सांगितलं पाहिजे.

बीदरलगतच्या कोळारच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर म्हणून लागलो, तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली. त्या काळात गच्च्यांवर नुकत्याच डिश अँटेनाच्या छत्र्या उगवायला लागल्या होत्या. गाव या घरमालकांना पोस्टमास्तर म्हणायचं. ते पोस्टमास्तर कधीच नव्हते. सगळी नोकरी त्यांनी टपालाची पत्रं गावोगावच्या खणांत टाकण्यात काढली. पण पावसात भिजलेलं, तेलात पडलेलं, बैलानं अर्धं चघळलेलं पाकीट असलं तरी त्यावरचा शिक्का वाचून ते गाव सांगायचे. "शिक्का पुसतोय, पर दाब ऱ्हातोय," असं त्यांचं म्हणणं. निवृत्त झाल्यावर वाचायला पत्रं उरली नाहीत, म्हणून ते चांदीची भांडी वाचायला लागले.

यात चेष्टा नाही. आमच्या भागात जुनी विलायती चांदी बरीच होती. निजामाच्या वेळचे जहागीरदार, मोठे अंमलदार, त्यांचे बंगले, त्या बंगल्यांतली लांबलचक जेवणाची मेजं. बंगले मोडले तशी भांडी बाजारात आली, वजनावर विकली गेली, आणि ज्याच्या हाती जे लागलं त्यानं ते आपापल्या अकलेनं वापरलं. काही बिदरी काम करणाऱ्या कारागिरांकडे जायची. ते ती वितळवून तार काढायचे आणि काळ्या सुरईवर वेलबुट्टी ठोकायचे. पोस्टमास्तर दर दोन दिवसांनी त्या कारागिरांच्या गल्लीत चक्कर मारायचे. "आधी मला दाखवा, मग खुशाल जाळा," असं बजावून यायचे.

त्यांची वाचायची पद्धत अशी. आधी तीन चुळा भरायच्या. धोतराच्या सोग्यानं भांडं पुसायचं. मग तोंडाचा मोठा आ करून दांडीवर "हाऽऽ" असा वाफेचा श्वास सोडायचा. चांदी धुरकट व्हायची, आणि दोन क्षण, फक्त दोनच क्षण, झिजलेले शिक्के वर उठायचे. तेवढ्यात खिशातलं भिंग डोळ्याला. त्या दिवशी सकाळपासून कांदा वर्ज्य. "कांद्याच्या वाफेत सिंह दिसत न्हाई," हे त्यांनी मला पूर्ण गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं. मी ते कितीतरी दिवस खरं धरून चाललो होतो.

सिंह म्हणजे चांदी खरी. चालता सिंह, एक पाय उचललेला. त्याच्या शेजारी बिबट्याचं मुंडकं असलं तर लंडन, मुकुट असला तर शेफिल्ड, जहाजाचा नांगर असला तर बर्मिंगहॅम. मग साल सांगणारं एक अक्षर. त्याचा तक्ता त्यांनी रजा टाकून, हैदराबादच्या एका ग्रंथालयात बसून वहीत उतरवून आणला होता. कुणीतरी एकदा विचारलं, "बर्मिंगहॅमला समुद्र हाय का हो? मग नांगर कामून?"

"तुमच्या नोटेवर सिंह हाईत," पोस्टमास्तर म्हणाले. "तुमच्या गल्लीत किती हाईत?"

हे ज्ञान नुसतं वहीतलं नव्हतं. त्यांचे आजोबा मेंढरं राखायचे. वडील मात्र मेंढरं सोडून एका जहागीरदाराच्या बंगल्यावर मेज लावायच्या कामाला लागले. पाहुण्याच्या डाव्या हाताला काय, उजव्या हाताला काय, कुठला सुरा माशाचा, कुठला चमचा सूपचा, हे सगळं वडिलांना तोंडपाठ. घरी आले की ते घोंगडी अंथरायचे आणि कडब्याच्या काड्या मोडून त्यावर अख्खं मेज मांडायचे. पोरगं घोंगडीच्या टोकाला बसून शिकायचं. पुढ्यात ताट मात्र एकच, त्यात भाकरी आणि ठेचा. पोस्टमास्तरांनी जन्मभर हातानंच खाल्लं, स्टीलच्या पेल्यातून चहा प्याला आणि स्वतःच्या घरात गुंजभर चांदी ठेवली नाही.

भांडं बघून ते तीनच गोष्टी सांगायचे. कुठलं, कधीचं, कशासाठीचं. किंमत कधीच सांगायचे नाहीत. "किंमत तराजू सांगतोय. मी तराजू न्हवं," म्हणायचे. दुसरा नियम असा की विचारलं तर खोटं बोलायचं नाही आणि विचारलं नाही तर तोंड उघडायचं नाही. तिसरा सगळ्यात नामी. त्यांच्या कामाला फी नव्हती, दस्तूर होता. भांडं ज्या कामासाठी घडवलं, त्या कामाला ते एकदा तरी त्यांच्या देखत लागलं पाहिजे.

या दस्तुरानं मी काय काय बघितलं म्हणून सांगू! गुलबर्ग्याच्या एका डाळमिलवाल्याकडे चांदीची कमानीकमानींची एक चौकट होती. तिच्या फटींत तो रेल्वेच्या पावत्या उभ्या करायचा. पोस्टमास्तरांनी वाफ सोडली, भिंग लावलं आणि जाहीर केलं, "शेफिल्ड. भाजलेला पाव उभा करायची घडवंची."

"पाव?" डाळमिलवाले म्हणाले. "उभा कामून?"

"वाफ जाऊन गार व्हावा म्हणून."

"भाजून गरम केल्याला परत गार कामून करायचा?"

"ते इंग्रजाला विचारा. मी पोस्टात व्हतो."

तरी त्या माणसानं पाव मागवला, गोदामातल्या शेगडीवर भाजला, आणि तुरीच्या पोत्यांच्या थप्पीत आम्ही तिघं गार पाव लोण्याशी खात बसलो. आमच्या चौबारा बुरुजाजवळच्या न्हाव्याकडे वेलीच्या नक्षीची एक नाजूक कात्री होती. गावातल्या प्रतिष्ठित मिशा तिनंच कातरल्या जायच्या. ती निघाली जेवणाच्या मेजावर द्राक्षांचे घोस तोडायची. पोस्टमास्तरांनी ती उकळत्या पाण्यातून काढायला लावली आणि गिऱ्हाईकं अर्ध्या दाढीनं बसलेली असताना न्हाव्याच्या हातून एकेकाला घोस कापून देववला. न्हावी नंतर मला म्हणाला, "पोस्टमास्तर गेले की जीवात जीव येतोय. पर येईनात म्हटलं की करमत न्हाई."

मला ते नावानं कधी हाक मारायचे नाहीत. भर बाजारात "ओ भाडेकरू!" म्हणून ओरडायचे. सुरुवातीला लाज वाटायची. नंतर सवय झाली. आता तशी हाक मारणारं कुणी नाही, आणि घर स्वतःचं झालं तरी तो शब्द कुठं ऐकू आला की मी वळून बघतो.

तर गुरुवार.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त हेडमास्तरीणबाई राहायच्या. निम्म्या गावाला त्यांनी शिकवलं होतं, म्हणून सगळे नुसतं बाई म्हणायचे. घरात दत्ताचं ठाणं. दर गुरुवारी आरती, मग तीर्थ, मग सुंठवडा, आणि हंगाम असला तर परसातल्या झाडाच्या शेवग्याच्या शेंगा, प्रत्येकाला मोजून चार. त्या शेंगांवर बाईंचा स्वतःचा फार जीव. पण गुलबर्ग्याहून कवळी बसवून आल्यापासून शेंग चावणं बंद झालं होतं. लोकांना वाटताना त्या शेंगेकडे अशा बघायच्या, जसं माहेरच्या गाडीकडे बघावं.

तीर्थाची पळी सासऱ्यांच्या वेळची. वीतभर लांब, सरळ, चांदीची. वाटी नव्हतीच तिला. दोन्ही टोकांना पन्हाळी कोरलेल्या, एका टोकाची रुंद, दुसऱ्याची अरुंद. बाई रुंद टोकानं मोठ्यांना तीर्थ द्यायच्या, अरुंद टोकानं पोरांना. तळहाताच्या मधोमध बरोब्बर धार पडायची. पोस्टमास्तर रांगेत सगळ्यांत पुढं. त्या दिवशी इस्त्रीचा सदरा. देवाधर्माचं त्यांना एरवी वेड नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गुरुवारची ती अर्धी घटका, तीर्थ, आणि "पोस्टमास्तर, जेवलाव का?" हा बाईंचा एक प्रश्न, एवढ्यावर त्यांचा आठवडा उभा होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माडीवरून दिसायचं.

बाईंना दोन मुलं. मोठा अमेरिकेत, धाकटा पुण्यात, दोघंही संगणकवाले. एका दिवाळीला दोघं एकत्र आले तेव्हा बाई म्हणाल्या, "माझ्या देखत भांडीकुंडी वाटून घ्या, मागून कुरबूर नको." समया, तबकं, परात, सगळं सुरळीत वाटलं गेलं. पळीवर गाडी अडली. दोघांनाही तीच हवी. मोठा म्हणायचा, ती आजोबांना त्यांच्या इंग्रज साहेबानं पूजेसाठी खास लंडनहून मागवून दिली. धाकटा म्हणायचा, काहीतरीच, ती आजोबांनी गाणगापूरच्या सोनाराकडून घडवून पादुकांवर ठेवून आणली. दोन दिवस भावाभावांत अबोला. तिसऱ्या दिवशी धाकट्यानं तोडगा काढला. दोन टोकं आहेतच, सोनाराकडून मधोमध कापून घेऊ.

बाईंनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही. मग निरोप धाडला, "पोस्टमास्तरांना बोलवा. ते सांगतील कुठली ते. ज्याचं म्हणणं खरं, पळी त्याची."

निरोप मीच आणला. पोस्टमास्तर म्हणाले ताप आहे. मी कपाळाला हात लावला, गार होतं. म्हणाले भिंग हरवलंय. भिंग त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून मला दिसत होतं. म्हणाले सकाळी कांदा खाल्लाय. शेवटी पायरीवर बसले आणि म्हणाले, "ओ भाडेकरू, दार लाव."

मी दार लावलं.

"ती पळी न्हवं."

"मग?"

"अकरा वरसांमागं पयल्या गुरुवारी हातावर तीर्थ पडलं तवाच वळखली. माझ्या बापानं घोंगडीवर मांडलेली मला याद हाय. ताटाच्या उजव्या अंगाला, शेवटची काडी." त्यांनी आवाज अजून उतरवला. "मटणाच्या नळीतला गुदा काढायची खोरणी हाय ती. मोठ्या नळीला रुंद टोक, बारक्या नळीला अरुंद."

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

"त्या घरात अंडं माहीत न्हाई," ते म्हणाले. "बाईंनी अर्ध्या गावाला तीर्थ दिलंय तिनं. मी सांगितलं तर त्या माझं तोंड बघतील का परत? गुरुवार जातोय बग माझा."

"मग सांगू नका. गाणगापूर म्हणा आणि सुटा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांच्या वडिलांची घोंगडी फाडली. मग हळूच म्हणाले, "कुठली ते विचारलंय. कुठली तेवढं सांगतो. कशासाठी ते कुणी विचारलं न्हाई तर वाचलो."

बाईंच्या घरी गेलो. ओसरीवर सतरंजी, मधे पाट, पाटावर पळी. एका बाजूला मोठा, दुसऱ्या बाजूला धाकटा, दोघांची तोंडं दोन भिंतींकडे. बाई देवघराच्या उंबऱ्यात. पोस्टमास्तरांनी तीन चुळा भरल्या. चौथीही भरली. सोग्यानं पळी पुसली, आ केला, "हाऽऽ".

"चालता सिंह. चांदी खरी," ते म्हणाले. परत वाफ. "बिबट्या. लंडन." परत वाफ, वहीतलं पान. "साल सव्वाशे वरसांच्याबी मागचं. साहेबाच्याच घरची दिसायलीय. संपलं माझं काम." आणि वही मिटून ते उठलेसुद्धा. चप्पल अर्धी पायात गेली होती.

"बघ!" मोठा उडालाच. "लंडन! मी काय म्हणत होतो! घडवलीय गाणगापूरला म्हणे!" एवढ्यावर तो थांबला असता तर हे लिहायची पाळी आली नसती. पण जिंकलेल्या माणसाला थांबवणार कोण? "आणि काका, कशासाठी घडवली तेही सांगा ह्याला, म्हणजे ह्याचं समाधान होईल!"

पोस्टमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

ते परत येऊन बसले. हात मांडीवर ठेवले आणि बाईंकडे न बघता, एका दमात, शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाले, "इंग्रजाच्या जेवणात मटणाच्या नळीतला गुदा कोरून खायची खोरणी. रुंद टोक मोठ्या नळीला. अरुंद टोक बारक्या नळीला."

परसात शेवग्याची शेंग वाऱ्यानं भिंतीवर आपटत होती, ती ऐकू आली.

मग मोठ्यानं पळी दोन बोटांनी उचलली आणि धाकट्याच्या बाजूला सरकवली. "ठेव तूच. तुला हवी होती ना."

"मला कशाला? लंडनची आहे ना? तुझीच."

"मी इतक्या लांब कुठं नेऊ? तू जवळ आहेस."

"तू थोरला आहेस!"

"गप्प बसा दोघं," बाई म्हणाल्या. वर्गातला आवाज. बाई पोस्टमास्तरांकडे वळल्या. "तुम्हाला हे कवापासून ठाऊक हाय?"

"अकरा वरसं."

"आन् सगळं ठाऊक असून दर गुरुवारी हात पुढं करीत व्हता?"

पोस्टमास्तरांची मान खाली. "तीर्थ तुमच्या हातचं घेत व्हतो, बाई. पळीच्या न्हवं."

बाई उठल्या, पाटावरची पळी उचलली आणि स्वयंपाकघरात गेल्या. पोस्टमास्तरांनी वही बगलेत मारली. मग हळूच चपला शोधायला लागले. डाव्या पायात उजवी घातली. मी सांगितलं, तरी त्यांना कळलं नाही. आतून पाणी उकळल्याचा आवाज, भांड्यांचा आवाज. आम्ही अंगणात पोचलो होतो.

"पोस्टमास्तर!" आतून हाक आली. "दस्तूर न घेता कुठं चाललाव?"

ते अंगणातूनच वळले. "बाई, दस्तूर... तुमच्या घरात... नळी..."

"आमच्या घरात आमच्यातलीच नळी मिळंल. बसा मुकाट्यानं."

त्या बाहेर आल्या, हातात आमटीचं पातेलं. शेवग्याच्या शेंगांची आमटी, मुलांसाठी सकाळीच केलेली. बोटबोटभर शेंगा, शिजून फुगलेल्या. आणि उकळत्या पाण्यातून काढलेली, राखेनं घासून लखलखीत केलेली ती खोरणी. बाईंनी ताटात एक शेंग ठेवली, खोरणी पोस्टमास्तरांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "करा सुरू. बापानं शिकवलंय न्हवं?"

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, कारण मागून सांगायला जागा राहणार नाही. पुढच्या गुरुवारी पोस्टमास्तरांनी बाजारातून तांब्याची नवी पळी आणली, आणि तिचं पहिलं तीर्थ त्यांच्याच हातावर पडलं. खोरणी बाईंकडेच राहिली, स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी. मुलं परत जाताना एकमेकांशी बोलत गेली.

तर पोस्टमास्तरांनी शेंग ताटात आडवी धरली, अरुंद टोक आत घातलं आणि अलगद ओढलं. शेंगेचा सगळा गर, बियांसकट, एका पट्टीत बाहेर आला. धागा नाही, चोथा नाही. धाकटा पुढं सरकला. "बघू हो काका." त्यानं दोन शेंगा साफ केल्या. तिसऱ्याला मोठ्यानं त्याच्या हातातून खोरणी ओढली. "मला जाड शेंग दे, मी रुंद टोकानं घेतो." "आधी माझी होऊ दे!" दोन दिवसांचा अबोला असा संपला.

बाई बघत होत्या. मग म्हणाल्या, "आणा बघू इकडं." त्यांनी एक शेंग घेतली, टोक आत सरकवलं, ओढलं, आणि तो मऊ, आमटीनं भिजलेला गर तोंडात ठेवला. कवळीला काही कामच पडलं नाही. त्यांनी डोळे मिटले. पोस्टमास्तर जोडलेले हात छातीशी धरून बसले होते. बाईंनी डोळे उघडले, हातातल्या खोरणीकडे बघितलं, देवघराकडे बघितलं, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या त्या आवाजात ओरडल्या,

"अगं बाई! आन् ह्यानं मी चाळीस वर्षं नुसतं पाणीच वाढत बसले की!"